पार्टीने नादारी घेतली, आता आपली बाकी कशी मागायची?

सोलापुरात सूत उधारीवर जाते, टॉवेल उधारीवर विणला जातो आणि उधारीवरच बाहेरगावी रवाना होतो. साखळीतला एक कारखानदार बसला, म्हणजे देणी फेडता न आल्याने नादार झाला, की सूतवाला, रंगवाला, पॅकिंगवाला, भिशीवाला आणि कामगार सगळेच अडकतात. बातमी फुटते त्या दिवशी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकच दृश्य दिसते. शटर अर्धे खाली, मालकाचा फोन बंद, आणि जो तो हाताला लागेल ते टेम्पोत भरण्याच्या घाईत. ही घाईच पुढे कोर्टात अंगाशी येते. का ते खाली येईलच. आधी रस्ता कोणता ते ठरवू.

तुमची पार्टी नेमकी कोण?

बिलावरचे नाव नीट वाचा. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर ती कंपनी. तिचे प्रकरण नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जाते आणि हा लेख तिच्यासाठी नाही. कंपनीच्या कर्जाला मालकाने वैयक्तिक हमी दिली असेल, तर त्या हमीदारालाही १ डिसेंबर २०१९ पासून हीच संहिता लागते.

एकट्या मालकाची पेढी, भागीदारी पेढी किंवा साधा माणूस यांच्यासाठीचा संहितेचा भाग मात्र अजून लागू झालेला नाही. त्यांना जुना प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० लागतो आणि अर्ज चालतो सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात. यंत्रमाग, रंग आणि सूत या धंद्यांतल्या बहुतेक पेढ्या याच गटातल्या, म्हणून पुढचे सगळे या कायद्याबद्दल.

कायदा जुना आहे हे पदोपदी जाणवते. घेणेकऱ्याने स्वतः नादारीचा अर्ज करायचा तर येणे किमान ५०० रुपये असावे लागते! शिवाय गेल्या तीन महिन्यांत पार्टीने ‘नादारीचे कृत्य’ केलेले हवे. घेणेकऱ्यांना चुकवायला घर किंवा दुकान सोडून जाणे, मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, ‘आता देणे बंद’ असे घेणेकऱ्याला कळवणे, पैशाच्या हुकूमनाम्यात मालमत्ता विकली जाणे, ही त्यातली नेहमीची. त्यामुळे पार्टी पळाल्यावर सहा महिने ‘येईल, येईल’ म्हणत बसलात तर ते कृत्य तुमच्या अर्जाला उपयोगी पडत नाही.

अर्ज दाखल झाल्यावर काय गोठते

अर्जाचा नंबर सगळ्यात आधी काढा. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधले की सोळा अंकी सीएनआर क्रमांक मिळतो. पुढची प्रत्येक तारीख त्यावर कळते.

न्यायालयाने नादार ठरवल्याचा हुकूम झाला की त्याची सगळी मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे, म्हणजे ती ताब्यात घेऊन विकायला आणि वाटायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे, जाते आणि हुकुमाचा परिणाम अर्ज दाखल झाल्या तारखेपर्यंत मागे धावतो. तिथून पुढे न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवा वसुली दावा लावता येत नाही. तुमच्याकडे आधीचा हुकूमनामा असेल, त्याच्या वसुलीची दरखास्त चालू असेल, जप्तीही झाली असेल, तरी नादारी अर्ज दाखल करून घेण्याच्या तारखेपूर्वी विक्री होऊन पैसे जमा झाले होते का, एवढेच पाहिले जाते. नुसत्या जप्तीने तुम्ही रांगेत पुढे जात नाही.

आता टेम्पोचा विषय. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत नादाराने एखाद्या घेणेकऱ्याला इतरांपेक्षा झुकते माप देण्याच्या हेतूने माल, पैसे किंवा तारण दिले असेल, तर रिसीव्हर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. हेतू नादाराचा पाहतात. दाव्याच्या नोटिशीच्या धाकाने दिलेले पैसे आणि मेहुण्याला सांभाळण्यासाठी रात्रीतून दिलेल्या चाळीस गाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून या काळात काही मिळाले असेल तर मागणीची लेखी नोटीस, पोच आणि बँकेतली नोंद जपून ठेवा. चलनाशिवाय उचललेल्या मालाला कोर्टात बचाव सापडत नाही. बिनचलनाचा माल उचलणे ही मुळातच वाईट सवय.

सगळेच काही वाटपात येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेल्या वस्तू नादाराकडेच राहतात: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीने बाईला अंगावरून उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी. हातमागावर स्वतः विणणाऱ्याचा माग हत्यारात बसतो. कारखानदाराने आपल्या चोवीस यंत्रमागांसाठी तीच सवलत मागितली तर हरकत घ्या.

दावा कसा दाखल करायचा

सर्वात जास्त पैसा इथे बुडतो. नादाराने अर्जासोबत घेणेकऱ्यांची यादी दिलेली असते. त्यात आपले नाव आणि आकडा पाहून लोक निर्धास्त घरी जातात. ती नादाराची यादी झाली. वाटप होते ते न्यायालय तयार करते त्या अनुसूचीवरून, आणि अनुसूचीत नाव लागण्यासाठी प्रत्येकाने आपले येणे स्वतः सिद्ध करावे लागते.

साधन एकच, शपथपत्र. ते न्यायालयात हजर करता येते किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवता येते. वकिलामार्फत हातोहात देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतलेला बरा. शपथपत्रात पेढीचे बिलावर आहे तेच नाव, सही करणाऱ्याचा अधिकार, येणे रक्कम, ती कशापोटी, काही तारण आहे की नाही, आणि सोबत खातेउतारा. ‘एकूण बाकी २० लाख’ असा एका ओळीचा उतारा चालत नाही. ओळ अशी दिसायला हवी:

१८ एप्रिल, बिल क्रमांक अमुक, २० नंबर सूत ४० पोती, २,४०० किलो, दर २१० रुपये, रक्कम ५,०४,०००, जीएसटी ५ टक्के २५,२००, एकूण ५,२९,२००, ई-वे बिल क्रमांक, पोच सही.

जमेची बाजूही तेवढ्याच तपशिलाने द्या. पार्टीने दिलेले धनादेश, परत आलेला माल, दरातली सूट, सगळे. आलेले पैसे लपवले आणि रिसीव्हरने नादाराच्या बँक उताऱ्यावरून ते काढले, तर तुमच्या बाकीच्या ओळींवरही संशय बसतो. मूळ बिले जोडू नका. प्रती जोडा आणि मूळ कागद मागितल्या दिवशी हजर करता येतील असे ठेवा. न्यायालय ते कधीही मागवू शकते.

हातउसने पैसे दिलेल्यांची अडचण मोठी. चिठ्ठी नाही, बँकेतून व्यवहार नाही, फक्त ‘विश्वासाने दिले’. व्हॉट्सअॅपवरचा ‘दिवाळीनंतर देतो’ हा निरोपही पुरावा म्हणून उपयोगी पडतो. मोबाइल बदलण्याआधी तो जपा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासह दाखल करा.

मुदत तपासा. विकलेल्या मालाच्या पैशाला ३ वर्षांची मुदत आहे. उधारीचे दिवस ठरले असतील तर ते संपल्यापासून, नसतील तर माल दिल्या दिवसापासून. मुदत संपण्याआधी पार्टीने सही करून बाकी कबूल केली असेल तर त्या दिवसापासून पुन्हा ३ वर्षे. म्हणून दर मार्चअखेर खातेउताऱ्यावर ‘बाकी मान्य’ची सही घेण्याची जुनी रीत सोडू नये. संगणकावर खाते आले आणि अनेकांची ही सही घ्यायची राहूनच जाते.

उशीर झाला म्हणजे दार बंद झाले असे नाही. नादाराला मुक्ती, म्हणजे उरलेल्या देण्यांतून न्यायालयाची सुटका, मिळेपर्यंत कोणत्याही वेळी अनुसूचीत नाव लावून घेण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र उशिराची किंमत मोजावी लागते. ती वाटपाच्या भागात.

आकडा किती लावायचा

व्याजावरून सर्वाधिक वाद होतात. बिलाच्या तळाशी ‘मुदतीनंतर द.सा.द.शे. २४ व्याज’ छापलेले असते. समजा मुद्दल २० लाख आणि हुकुमापर्यंत २० महिने थकले. तुमच्या हिशेबाने व्याज ८ लाख. वाटपाच्या हिशेबात मात्र व्याज ६ टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, म्हणजे २ लाख, आणि तुमचा आकडा २२ लाख. वरचा दर हक्काने मागता येतो, पण सगळ्यांची सिद्ध झालेली देणी पूर्ण फिटल्यावर. ती वेळ फारशी येत नाही. व्याजाचा करार नसेल आणि रक्कम लेखी दस्तावरून ठरल्या तारखेला द्यायचीही नसेल, तर ‘पैसे द्या, नाहीतर व्याज लावू’ असे लेखी कळवल्या दिवसापासूनच ६ टक्के मिळतात. ती नोटीस न दिल्याने कित्येकांचे व्याज शून्यावर येते.

देणे पुढच्या तारखेचे असले तरी आज दावा करता येतो. फक्त हिस्सा देताना उरलेल्या दिवसांचे ६ टक्क्यांनी व्याज वजा होते.

परस्पर व्यवहार असेल, म्हणजे तुम्ही सूत दिले आणि त्याच्याकडून टॉवेल घेतले, तर वजावट होऊन निव्वळ बाकीच उरते. घेणेकऱ्याच्या दृष्टीने ही सोन्यासारखी तरतूद आहे. वजावटीतला प्रत्येक रुपया पूर्ण रुपया म्हणून मिळतो, रुपयामागे सहा आणे म्हणून नाही. मात्र पेढी आणि व्यवहार तेच हवेत. सूत तुमच्या पेढीने दिले आणि टॉवेल बायकोच्या पेढीने घेतले, तर वजावट बसत नाही.

बँक, पतसंस्था किंवा तारण घेतलेला कोणीही असो, त्याच्यापुढे तीन वाटा. तारण स्वतः विकून उरलेल्या बाकीचा दावा करायचा. किंवा तारण सगळ्यांच्या फायद्यासाठी सोडून पूर्ण रकमेचा दावा करायचा. किंवा तारणाची किंमत लावून ती वजा करून दावा करायचा. तिसऱ्या वाटेवर खबरदारी हवी, कारण तुम्ही लावलेल्या किमतीला न्यायालय ते तारण सोडवून घेऊ शकते. जास्त हिस्सा मिळावा म्हणून ५० लाखांचे शेड ३० लाखांचे दाखवाल तर ३० लाखांत हातचे जाईल. आणि यातले काहीच न करता तारण लपवून पूर्ण रकमेचा दावा लावला, तर हिश्श्यातूनच बाहेर. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते, म्हणून किंमत लावताना ते वजा धरा.

रांग आणि हिशेब

आधी रिसीव्हरचा आणि कारभाराचा खर्च. मग शासन आणि स्थानिक संस्था यांची देणी, म्हणजे जीएसटी, महापालिकेचा कर. याच पायरीवर कामगारांच्या, अर्जाआधीच्या चार महिन्यांतल्या पगारापैकी जास्तीत जास्त २० रुपये. होय, वीस. १९२० मध्ये त्या रकमेला अर्थ होता, आज तिची चेष्टा होते. उरलेला पगार कामगाराला तुमच्या-आमच्याच रांगेत मागावा लागतो. भविष्य निर्वाह निधीची थकबाकी मात्र वरच्या पायरीवर येते. त्यानंतर अनुसूचीतले सगळे, रकमेच्या प्रमाणात, कुणी आधी कुणी नंतर नाही.

काल्पनिक उदाहरण घ्या. टॉवेल कारखानदार, एकट्याची पेढी. शेड आणि माग बँकेकडे तारण, बँकेचे येणे ४८ लाख, विक्रीतून निव्वळ ४० लाख. बँकेचे ८ लाख उरले, ते साध्या रांगेत आले. तारण नसलेले: विजापूर रोडचा प्लॉट १८ लाख, शिल्लक माल साडेतीन लाख, बाहेरगावची वसूल उधारी अडीच लाख. एकूण २४ लाख.

त्यातून खर्च १,८०,००० गेला. शासन, महापालिका आणि भविष्य निर्वाह निधी मिळून ४,२०,०००. बारा कामगारांचे प्रत्येकी २० प्रमाणे २४० रुपये. उरले १७,९९,७६०.

रांगेत: सूतवाला २२ लाख, रंगवाला ६ लाख, बँक ८ लाख, नातेवाइकांचे हातउसने ९ लाख, कामगारांचा उरलेला पगार २,३९,७६०. बेरीज ४७,३९,७६०. भागाकार केला की रुपयामागे जवळपास ३८ पैसे, म्हणजे बाजाराच्या भाषेत सहा आण्यांच्या किंचित वर. सूतवाल्याच्या हाती सुमारे ८ लाख ३५ हजार.

आता नातेवाइकांचे ते ९ लाख पुन्हा पाहा. ते खोटे ठरून अनुसूचीतून गेले तर भागायची बेरीज ३८,३९,७६० राहते आणि दर जवळपास ४७ पैशांवर, साडेसात आण्यांवर जातो. सूतवाल्याला सुमारे १० लाख ३१ हजार. १ लाख ९६ हजारांचा फरक, आणि तोही स्वतःच्या दाव्यात एक कागद न वाढवता.

खोटे दावे आणि पळवलेली मालमत्ता

म्हणूनच अनुसूची न्यायालयात लागली की तिची प्रत घेऊन प्रत्येक नाव वाचा. एखादी नोंद चुकीची वाटली तर रिसीव्हरला सांगा. रिसीव्हरने काही केले नाही तर घेणेकरी म्हणून तुम्हीही ती काढण्याचा किंवा कमी करण्याचा अर्ज करू शकता. पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. नाव प्रथमच नादारी अर्जात दिसते का? रक्कम नादाराच्या आधीच्या ताळेबंदात आहे का? पैसे बँकेतून आले की रोख? रोख ९ लाख देणाऱ्याच्या आयकर विवरणात ते दिसतात का?

मालमत्तेची बाजूही तपासा. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत बायको, मुलगा किंवा भावाच्या नावे मोबदल्याशिवाय केलेले खरेदीखत वा बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. लग्नाआधी आणि लग्नाच्या कारणाने दिलेले, तसेच प्रामाणिक खरेदीदाराने मोबदला देऊन घेतलेले मात्र सुटते. दुय्यम निबंधक कार्यालयातला शोध, नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक आणि गावाकडची जमीन असेल तर सातबारावरचे फेरफार काढा. गेल्या दोन वर्षांतला फेरफार दिसला की रिसीव्हरला लेखी मागणी द्या. तो टाळत असेल तर नकाराचा पुरावा ठेवून, दावा सिद्ध झालेल्या घेणेकऱ्याला न्यायालयाच्या परवानगीने स्वतः अर्ज करता येतो. चार-पाच जणांनी मिळून एकच वकील लावावा. मिळालेला पैसा सगळ्यांच्या थैलीत जाणार आहे, मग खर्च एकट्याने का सोसायचा?

हिस्सा हातात येताना

रिसीव्हरच्या हाती पैसा आला की वाद चालू असलेले दावे, दूरच्या घेणेकऱ्यांचे न आलेले दावे आणि पुढचा खर्च यापुरते राखून तो बाकीचे वाटतो. एकाच वेळी सगळे मिळत नाही. शिल्लक माल विकल्यावर पहिला हप्ता, प्लॉट विकल्यावर दुसरा, असे चालते.

पहिला हप्ता वाटल्यावर तुमचे नाव लागले, तर तो मोडून तुम्हाला देत नाहीत. रिसीव्हरकडे त्या वेळी पैसे असतील तर पुढच्या वाटपाआधी तुमचा राहिलेला हप्ता आधी भरून निघतो. पैसे नसतील तर तो गेला. शेवटच्या वाटपाआधी दावा सिद्ध न केलेल्यांना मुदतीची नोटीस निघते. ती चुकली की थैली रिकामीच मिळते. म्हणून पेढीचा पत्ता बदलला तर न्यायालयाला आणि रिसीव्हरला दोघांना कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत येणे ही अगदी साधी पण नेहमीची चूक.

पैसे घेताना खात्याचे नाव आणि अनुसूचीतले नाव अक्षर न अक्षर जुळले पाहिजे. ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग’ यांतला फरकही पैसे अडकवू शकतो. रद्द केलेला धनादेश, पॅन आणि भागीदारी असेल तर सहीचा अधिकार आधीच देऊन ठेवा.

हिश्श्यासाठी रिसीव्हरवर दावा लावता येत नाही. त्याने विनाकारण पैसे अडवले तर न्यायालयात अर्ज करा. न्यायालय त्याला पैसे द्यायला लावते, शिवाय अडवलेल्या काळाचे व्याज आणि खर्च त्याच्या स्वतःच्या खिशातून वसूल करू शकते. रिसीव्हरच्या कोणत्याही निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात जायची मुदत २१ दिवस. न्यायालयाच्या हुकुमावर अपिलाची मुदत उच्च न्यायालयात ९० दिवस. सोलापूरची अपिले ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईचा फेरा वाचला.

तडजोडीचा कागद समोर आला तर

मध्येच नादार प्रस्ताव आणतो: रुपयाला चार आणे देतो, विषय मिटवा. दावा सिद्ध झालेल्या घेणेकऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश यांची संमती मिळून न्यायालयाने मंजुरी दिली की तो सगळ्यांना बांधतो, विरोध करणाऱ्यालाही. नादाराची वागणूक मुक्ती नाकारण्याजोगी असेल, हिशेबाच्या वह्याच ठेवल्या नसतील वगैरे, तर रुपयामागे किमान सहा आण्यांची खात्रीशीर हमी असल्याशिवाय न्यायालय मंजुरी देत नाही. आकडा कायद्यात अजून आण्यांतच लिहिलेला आहे. सही करण्याआधी वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडा: विक्रीतून किती येईल, किती वर्षांनी येईल, आणि आज मिळणारे चार आणे त्यापेक्षा बरे की वाईट. पैसे कुठून येणार, हप्ता चुकला तर काय, जामीन कोण, हे लेखी घ्या.

नादाराला शेवटी मुक्ती मिळाली की उरलेले येणे त्याच्याकडून मागता येत नाही. सरकारी देणी आणि फसवणुकीतून आलेली देणी हे मुख्य अपवाद. पण त्याच्या जामीनदाराला आणि भागीदाराला त्या मुक्तीने सुटका मिळत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला सही केलेला जामीनदार असेल तर त्याच्यावरची वसुली नादारी चालू असतानाही सुरू ठेवता येते. हिश्श्यातून आलेली रक्कम तेवढी वजा करायची. राहिलेले बुडीत येणे खात्यातून काढून टाकले तर धंद्याच्या उत्पन्नातून आयकरात वजावट मिळते. त्या बिलावर भरलेला जीएसटी मात्र पार्टी बुडाली म्हणून परत मिळत नाही.